पोटावरचा ठिपका

आमची ही माणसाचं तोंड नंतर बघते, आधी पोट बघते. बाजारात एखादा माणूस हसत पुढे येऊन "ओळखलंत का सिस्टर?" असं विचारतो, तेव्हा ती त्याच्या पट्ट्याच्या आसपास एक नजर टाकते, मनातल्या मनात काहीतरी जुळवते आणि मग त्याच्या बायकोच्या गुडघेदुखीपासून मुलाच्या परीक्षेपर्यंत सगळी चौकशी करते. चेहरा तिला जन्मात आठवत नाही. शेजारी पिशव्या धरून उभा असलेला मी अशा वेळी भाज्यांचे भाव बघतो.

ही हॉस्पिटलात स्टोमा नर्स आहे. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या काही लोकांना शौचाची वाट पोटावरून काढून द्यावी लागते. तिथे एक लालसर तोंड असतं आणि त्यावर पिशवी चिकटवायची असते. काहींना थोडे महिने, काहींना जन्मभर. ती पिशवी नीट बसली तर माणूस कामावर जातो, नातवंडाला कडेवर घेतो, चारचौघांत जेवतो. नाही बसली तर ती गळते, कातडी सोलवटते आणि माणूस घराबाहेर पडायचा बंद होतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी पोटावर नेमक्या जागी शाईचा ठिपका द्यायचा, आणि ऑपरेशननंतर माणूस पुरता सावरेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही, हे हिचं आणि हिच्या दोन सहकाऱ्यांचं काम. हे मी असं सरळ सांगतोय, कारण आमच्याकडे जेवतानाही हाच विषय असतो आणि माझी भीड कधीच चेपली आहे.

मी शिंपी आहे. हॉस्पिटलच्या मागच्या दारासमोर माझं दुकान आहे आणि मी फक्त पँटी शिवतो. हिच्या पेशंटांना पिशवीवर दाब येणार नाही अशी उंच कंबरेची पँट लागते, ती माझ्याइतकी चांगली कोणी शिवत नाही, हे मी स्वतःच सांगतो कारण दुसरं कोणी सांगत नाही. आम्हा दोघांचं पोट लोकांच्या पोटावर चालतं, हा विनोद मी लग्न झाल्यापासून करत आलो आहे. ही अजून एकदाही हसलेली नाही.

हिच्या सहकाऱ्यांतल्या एकीला सगळे गोड सिस्टर म्हणतात. तिच्यासमोर भलेभले तोंड उघडतात. बायकोला सांगितलं नसेल ते तिला सांगून मोकळे होतात. दुसरे मास्तर. ते कधी शाळेत शिकवत नव्हते, पण बोलण्याआधी बोट वर करतात आणि "एक मिनिट" म्हणतात, म्हणून मास्तर. ते एक मिनिट कधीही एका मिनिटात संपत नाही.

या तिघांचा एक नियम आहे. ठिपका देण्याआधी माणसाला बसवायचं. झोपलेल्या माणसाचं पोट सपाट आणि गुणी दिसतं, त्याच्या बोलण्यात यायचं नाही. त्याला बसवायचं, वाकवायचं, बुटाची नाडी बांधायला लावायची, त्याची नेहमीची पँट घालून उभं करायचं, आणि त्याला स्वतःला तो ठिपका मान खाली घालून दिसतो का ते विचारायचं. एकाने ठिपका द्यायचा आणि दुसऱ्याने तो तपासायचा. मग ठिपका देणारी व्यक्ती कितीही मोठी असो. हा नियम हिनेच घातला, आणि मास्तर तो हिलाच लावतात, याचा हिला भयंकर राग येतो.

"मी ठिपका दिला तरी यांचं एक मिनिट आहेच," ती घरी येऊन पर्स आपटत म्हणायची. "जरा म्हणून विश्वास नाही."

"चुकतेस का कधी?"

"मी कशाला चुकेन?"

"मग बघू दे ना त्यांना. त्यांचाही वेळ जातो."

यावर ती स्वयंपाकघरात निघून जायची आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त यायचा.

हे असं ठीक चाललं होतं. मग मेट्रनबाई निवृत्त व्हायला निघाल्या आणि हॉस्पिटलच्या डायरेक्टर मॅडमनी हिला बोलावून सांगितलं की पुढची मेट्रन तुम्ही. स्वतंत्र खोली, दारावर पाटी, पगारात चांगली वाढ, घरी यायची ठरलेली वेळ. त्याचबरोबर मॅडमनी हेही सांगितलं की स्टोमाची वेगळी टीम आता राहणार नाही. वॉर्डांत माणसं कमी पडतात, तेव्हा मास्तर आणि गोड सिस्टर वॉर्डात जातील. ही सगळ्या नर्सना एकदा शिकवून तयार करील आणि मग खोलीतून लक्ष ठेवील. मॅडमचा हेतू वाईट नव्हता. "एवढं कौशल्य तिघांत अडकून का राहावं? सगळ्यांना मिळू दे," असं त्या म्हणाल्या. ऐकायला ते इतकं बरं वाटतं की मला लगेच पटलं.

खरं सांगायचं तर मला ती पाटी हवी होती. हिच्या कामाला वेळकाळ नसतो. आम्ही कुठे बाहेर जायला निघालो की कोणाची तरी पिशवी गळते. हिला ठरलेल्या वेळेला घरी आलेली बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती. आईने तर आणखी पुढची मजल गाठली. तिने त्याच संध्याकाळी जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला "सून मेट्रन झाली" म्हणून सांगून टाकलं.

सून मात्र ताटावर बसून भात चिवडत होती.

"तुला आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"झाला ना. चाळीशीतच व्हायला हवं होतं म्हणतात सगळे."

"मग?"

"नर्सचं काम चांगलं झालं की तिला बक्षीस काय, तर पेशंटपासून लांब नेऊन बसवायचं. तुम्ही पँट उत्तम शिवता म्हणून उद्या कोणी तुमच्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणालं, आता खुर्चीत बसा आणि दुसरे शिवतात ते बघा, तर?"

मी म्हणालो, "मी बसेन." तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने वरण वाढून घेतलं.

तिने खूप विचार केला आणि मॅडमकडे एकच मागणी केली. टीम मोडायच्या आधी एकदा आम्ही काय करतो ते बघा, मग ठरवा. मॅडम हो म्हणाल्या. आता पंचाईत अशी होती की दाखवायला पोट हवं. पेशंटला चारचौघांसमोर उघडं करायला ही तयार नव्हती. तो काय नमुना आहे का, म्हणाली. हे म्हणताना ती माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

"अहो, मी अजून काही बोललेसुद्धा नाही."

"तू पोट बघितलंस. मला कळलं."

शेवटी मी गेलो. नवऱ्याने कुठवर नाही म्हणायचं, त्याला मर्यादा आहे. शिवाय माझ्या मनात पाप होतं. म्हटलं, मॅडम काही एका ठिपक्यावर बदलायच्या नाहीत, आपण सहकार्य केल्यासारखंही होईल आणि पाटीही मिळेल.

मीटिंगच्या खोलीत टेबलं बाजूला सारून तपासणीचा पलंग आणून ठेवला होता. मी शर्ट वर करून झोपलो. एसी इतका थंड की पोटावर काटा आला. पलंगाच्या एका बाजूला मॅडम, शेजारी सर्जन साहेब, दुसऱ्या बाजूला ही, मास्तर आणि गोड सिस्टर. सर्जन साहेबांच्या पँटी मीच शिवतो, त्यामुळे मला त्यांच्या कंबरेबद्दल जे माहीत आहे ते त्या दिवशी त्यांना माझ्याबद्दल कळलं. हिशेब चुकता झाला.

हिने प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचा मार्कर आणला होता. आधी हिरवा सर्जन साहेबांना दिला. "साहेब, तुम्हाला वाटेल तिथे."

साहेबांनी बेंबीपासून बोटांनी अंदाज घेतला आणि ठिपका दिला. "मी आपला झोपलेल्यांचाच डॉक्टर आहे," ते हसत म्हणाले. "एरवी मी सिस्टरांच्या ठिपक्यावरच कापतो. मला स्वतःचा द्यायची वेळ येत नाही."

मग लाल मार्कर मॅडमना. मॅडमनी चष्मा लावला, वाकल्या, एकदा खाली, एकदा वर बघितलं आणि फार नाजूकपणे बऱ्याच खाली ठिपका दिला. "कपड्यांखाली झाकलेलं राहावं, नाही का?" त्यांनी विचारलं. मला ते अगदी पटण्यासारखं वाटलं.

आता हिची पाळी. सगळ्यांसमोर बोलायचं म्हणून ही आधीच घाबरलेली होती. घाबरली की ती भराभर बोलते. "आता बघा, स्नायू इथे आहे, बेंबी इथे, हाड लांब आहे, म्हणजे ठिपका येणार इथे," असं म्हणत तिने निळा ठिपका दिला आणि टोपण लावलं. हात असा चालला, जसा माझा खडू कापडावर चालतो. मला तिचा अभिमान वाटला. पाटी जाते की काय, अशीही एक शंका आली.

तेवढ्यात मास्तरांचं बोट वर गेलं.

"एक मिनिट, सिस्टर."

"काय आहे, मास्तर?"

"तुम्ही यांना बसवलं नाहीत."

मी पडल्या पडल्या मास्तरांना डोळ्यांनी खुणावत होतो की गप्प बसा, पण झोपलेल्या माणसाला कोण विचारतो.

"मास्तर, हे माझे मिस्टर आहेत," ही दात आवळून म्हणाली. "हे पोट मला पाठ आहे."

"असेल. पण नियम आहे."

"अहो, इतकी वर्षं..."

"नियम तुम्हीच घातलाय, सिस्टर," मास्तर म्हणाले. त्यांचं बोट खाली आलं नाही.

मला बसवण्यात आलं. मी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलो आणि माझं पोट, ज्याने इतका वेळ अंग चोरून घेतलं होतं, ते आपल्या मूळ स्वभावावर गेलं. सगळे पुढे वाकले. साहेबांचा हिरवा ठिपका वळीत बुडाला. मॅडमचा लाल ठिपका पोटाच्या खालच्या अंगाला गेला, जिथे मला आरशाशिवाय दिसणं शक्य नव्हतं. निळा कुठेच दिसेना. हिने बोटाने वळी अलगद वर केली, तेव्हा तो आत सापडला, अगदी घडीच्या तळाशी.

हिचा चेहरा मी नीट बघितला आहे म्हणून सांगतो, तो उतरला. मला पाटी मिळणार होती, आणि मला जराही आनंद झाला नाही. उलट पोट आत घेता येईल का, असं मी करून बघितलं. ते आलं नाही.

"ही वळी कधीची?" तिने मला विचारलं. हळू विचारलं, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"कुठली?"

"ही. ही पूर्वी नव्हती."

"झाली असतील काही वर्षं."

"मला कशी दिसली नाही?"

"तू मला बसवून कधी बघितलंस?" मी म्हणालो. मला काही टोमणा मारायचा नव्हता, जे खरं ते तोंडून निघून गेलं. सर्जन साहेबांना खोकला आला. तो बराच वेळ चालला.

मग मास्तरांनी काळा मार्कर घेतला आणि त्यांचं एक मिनिट सुरू झालं. मला वाकवलं. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लावली. पँट वर चढवून उभं केलं. गोड सिस्टरनी स्टूल ओढून माझ्यासमोर बसत विचारलं, "भाऊजी, दुकानात मशीनवर कसे बसता? दाखवा बरं." मी दाखवलं. उजवा खांदा खाली, पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं. "रोज असंच?" "रोज." "मग कड कुठे लागते?" मी हात ठेवला. ती कड बरोबर मास्तर ठिपका देणार होते तिथे लागत होती. दोघांची त्यावरून वादावादी झाली. मग हीही त्यात शिरली. तिघं माझ्या पोटावर असे भांडत होते, जसे भाऊबंद बांधावरून भांडतात. शेवटी बेंबीच्या वरच्या अंगाला, वळी आणि कड दोन्ही चुकवून, काळा ठिपका पडला. बसलो तरी दिसत होता, वाकलो तरी दिसत होता. मला स्वतःला मान खाली घालून दिसत होता. इतका लाडका ठिपका मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मॅडम खुर्चीत टेकल्या. "म्हणजे सिस्टर, तुम्हीसुद्धा चुकलात," त्या म्हणाल्या. त्यांनी ते दुखवायला म्हटलं नव्हतं, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"हो, चुकले," ही म्हणाली. "मॅडम, मी हेच सांगायला आले होते. असं सांगेन असं मात्र वाटलं नव्हतं." तिने टोपण काढलं, पुन्हा लावलं. "तुम्ही म्हणालात, मी सगळ्यांना शिकवीन आणि खोलीतून लक्ष ठेवीन. शिकवीनही. पण मेट्रनने ठिपका चुकीचा दिला तर वॉर्डातली मुलगी मला थांबवेल? ती म्हणेल, मेट्रनबाई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. आणि तो माणूस जन्मभर गळती पिशवी घेऊन घरात बसेल. मला एक मिनिट म्हणायला मास्तर लागतात. आणि मास्तर असे एका दिवसात तयार झालेले नाहीत. रोज माझ्याशेजारी उभे राहून, रोज माझ्याशी भांडून झालेत. मला त्यांचा राग येतो, अगदी रोज येतो. पण त्यांना माझ्यापासून काढू नका. मला खोली नको."

मास्तर जमिनीकडे बघत होते. गोड सिस्टरनी डोळे टिपले, त्यांचं ते नेहमीचंच आहे.

"आणि खोली नको म्हणून तुम्ही आहात तिथेच राहणार?" मॅडमनी विचारलं. "मग उद्या दुसरं हॉस्पिटल तुम्हाला घेऊन जाईल. मास्तरांनाही. हुशार माणसाला वर यायला काहीतरी वाट हवी ना."

"तर मग वाट पलंगाशेजारूनच काढा," सर्जन साहेब म्हणाले. "आपण आतड्याला नवी वाट काढून देतो, नर्सला एक काढता येणार नाही?"

मॅडम हसल्या. बघते, म्हणाल्या. मोठ्या माणसांचं बघते म्हणजे काय असतं ते मला गिऱ्हाइकांच्या अनुभवावरून ठाऊक आहे, म्हणून मी फारशी आशा धरली नाही. पण त्यांनी खरंच बघितलं. वेळ लागला, दोनचार मीटिंगा झाल्या आणि मग मुख्य स्टोमा नर्स असं नवं पद निघालं. मान आणि पगार मेट्रनच्या बरोबरीचा, खोली नाही, काम पलंगापाशी. मास्तरांना आणि गोड सिस्टरना एकेक पायरी वर घेतलं आणि शिकायला चौथी नर्स दिली. हे कळल्यावर जखमा बघणारी आणि मधुमेह बघणारी मंडळी मॅडमच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आम्हालाही तीच वाट द्या म्हणून. मेट्रनची खोली आयसीयूच्या कडक सिस्टरना मिळाली, त्यांना ती मनापासून हवी होती. आईने जिन्यात उभं राहून सगळ्यांना नव्याने सांगितलं की सून मेट्रनच्याही वर गेली. मी दुरुस्ती केली नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी मी आंघोळ करून आलो तर चारही ठिपके जसेच्या तसे. ती शाई पेशंटच्या अंगावरून जाऊ नये अशीच बनवलेली असते. ही पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. मॅडम बघते म्हणाल्या, त्याचंही तिला काही दिसत नव्हतं.

"बसा," ती एकाएकी म्हणाली.

"आता कशाला?"

"बसा म्हटलं ना."

मी बसलो. तिने दिवा माझ्याकडे ओढला, चष्मा लावला आणि माझ्यासमोर खाली बसून पोट बघायला लागली. "वाका." वाकलो. "उभे राहा." राहिलो. मग तिने वळी बोटाने वर केली आणि तिची भुवई वर गेली.

"इथे कातडी लाल झालीये. आग होते?"

"होते थोडी. घामाने होत असेल."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू दमून येतेस," मी म्हणालो. "सगळ्या गावाची पोटं बघून येतेस. त्यात आणखी एक कुठे."

ती उठली. कपाटातून मलम काढलं आणि आधी कोरड्या कापडाने टिपून घेऊन लावायला लागली. तिची बोटं गार होती आणि हलकी होती. तिच्या पेशंटांना ती वर्षानुवर्षं का आठवते, ते मला त्या दिवशी कळलं. मला फार बरं वाटलं आणि ते मी तिला सांगितलं.

"मला पाठ आहे म्हणाले मी," ती मलमाचं झाकण लावत म्हणाली. "चारचौघांत. माझं चुकलं हो."

"निळा रंग चांगला दिसतो मला," मी म्हणालो.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती माझ्या विनोदावर हसली. मग डोळे पुसून तिने फोन उचलला.

"मास्तर? हो, मीच. उद्या यांना जरा घेऊन येते. वळीत कातडी लाल झालीये, मी बघितलंय, घामामुळेच वाटतंय. पण एकदा तुम्हीही बघा."

"अगं, मास्तर कशाला?" मी विचारलं. "तू बघितलंस ना आता?"

"नियम आहे," ती म्हणाली आणि पलीकडून मास्तरांचं एक मिनिट सुरू झालं असावं, कारण ती बराच वेळ मुकाट्याने ऐकत राहिली.